लाखेतलं नाणं

४ मार्च

बटण,

दुकानाच्या पायरीवर आपण दोघी जुनी वर्तमानपत्रं मांडीवर घेऊन बसायचो, ते आठवतं का तुला? शाळेतून आल्यावर, युनिफॉर्मसुद्धा न बदलता. बाबा आत चाकावर. धार लावून झालेली प्रत्येक सुरी आपल्याकडे यायची. कागदाची पट्टी चिमटीत धरायची आणि पातं वरून नुसतं सोडायचं, दाबायचं नाही. कागद मुकाट्यानं दोन झाला तर पास. ‘खर्र’ झालं की नापास, परत आत. गुण तू द्यायचीस, दहापैकी, नाकावर नसलेला चष्मा शाळेतल्या सिस्टरसारखा सावरत. एकदा एका आचाऱ्याच्या सुऱ्याला तू दहापैकी अकरा दिलेस. बाबा आतून म्हणाले, "अकरावा गुण कुठल्या दुकानातनं आणला?" तू हसत हसत तो सुरा माझ्यापुढे धरलास, मूठ माझ्याकडे करून, आणि चाकाच्या एवढ्या आवाजातून, मागे वळूनही न पाहता, बाबा ओरडले, "हातात नाही! खाली ठेव!"

सुरी हातात द्यायची नाही. ओट्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. आणि भेट दिलेल्या सुरीच्या बदल्यात घेणाऱ्यानं देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, नाहीतर दिलेली सुरी दोन माणसांमधलं नातं कापते. ते नाणं मात्र ओट्यावर टाकायचं नाही. हातात द्यायचं, तळव्यावर. पाढ्यांच्या आधी आपण हे शिकलो.

हे मी तुला लाडानं लिहीत नाहीये. तुझं पत्र समोर पडलंय म्हणून लिहितेय. बत्तीस वर्षांत आलेलं पहिलं पत्र, आणि त्यात चार शब्द. "तिला सुरी देऊ नकोस." वर मायना नाही, खाली सही नाही. भिंतीवर ‘थुंकू नये’ लिहितात तसं.

बटण लिहिलंय, कारण दुसऱ्या नावानं तुला हाक मारायला माझी जीभ वळत नाही. चार वर्षांची असताना बाबांच्या कोटाचं बटण गिळलंस आणि त्या दिवसापासून बटण झालीस, त्याला माझा इलाज नाही. ‘प्रिय’ मात्र लिहिलेलं नाही. ते बघून ठेव.

कोण गं तू मला सांगणारी, मी कुणाला काय द्यायचं ते?

तुझी लेक मंगळवारी आली. मी पायरीवर स्टूल टाकून बसले होते. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, पाठीला पिशवी. मला वाटलं गिऱ्हाईक. ती काही न बोलता ओट्यावरची सुरी उचलून अंगठ्याच्या कडेवर आडवी फिरवून बघायला लागली, आणि ते करताना तिनं जिभेचं टोक बाहेर काढलं. तुझ्यासारखं. मी स्टूलवरून उठले. म्हटलं, "कोणाची गं तू?" तर म्हणते, "ओळखा." मी म्हटलं, "बटणाची." ती एवढी मोठ्यानं हसली की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. आईला कुणी बटण म्हणत असेल हे तिला ठाऊकच नव्हतं!

आचारी झालीये म्हणाली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या भटारखान्यात कांदे चिरले, आता स्वतःचं छोटं खानावळीसारखं उघडतेय. "आजोबांचा लांब सुरा अजून आहे का? आई सांगायची, कागदाला कळायचंसुद्धा नाही." म्हणजे सांगायचीस तर तू! मी म्हटलं, "आहे. तुलाच देईन. दुकान एप्रिलअखेर बंद करतेय, त्याच्या आत नाणं घेऊन ये." माझ्या बोटांचे सांधे आता चाकाला नको म्हणतात, डॉक्टरही नको म्हणतात. मी एकटी हो म्हणून काय उपयोग? पोरगी नाचत गेली. सहाव्या दिवशी तुझे हे चार शब्द.

नातं सुरीनं तुटतं हे तू मला शिकवणार? घरातून निघताना बाबांनी तुला सुरी दिली. स्वतःच्या उरलेल्या आठ बोटांनी घडवलेली. मोबदल्यात एक नाणं द्यायचं होतं तुला. एक! बाबांनी ते स्वतःच पुडक्यावर लाखेनं चिकटवून दिलं होतं, आपल्या दुकानातून कुणीही भेटीसाठी सुरी नेली की द्यायचे तसंच. घेणाऱ्यानं नुसतं सोडवायचं आणि देणाऱ्याच्या हातावर ठेवायचं. तुला तेवढंही झालं नाही. वर बाबांनी मला पत्र लिहायला लावलं, "विसरली असेल, पाठव म्हणावं." उत्तर नाही. नऊ वर्षांनी बाबा गेले. मी कळवलं. तू नऊ दिवसांनी आलीस, पाहुण्यासारखी टेकलीस, आणि तासाभरात गेलीस. शिंप्यानं दिलेला चहासुद्धा अर्धा ठेवलास.

बाबा म्हणायचे, नाकानं कांदे सोलणाऱ्यांना आपली सुरी लागत नाही. तुला लागली नाहीच.

तुझ्या लेकीला सुरा मिळणार. तू सांगितलंस म्हणून तर नक्कीच मिळणार.

ताई

१२ मार्च

हे पत्र मी मायन्याशिवाय लिहितेय. तुझ्याकडून शिकले.

या खेपेला तुझ्या दोन ओळी. प्रगती आहे. "बाबांचं असं पत्र मला कधीच आलं नाही. आणि ताई, पुडक्यावर नाणं होतं का? नीट आठवून बघ."

नीट आठवून बघ! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मला सगळं नीट आठवतं. मला एवढंच तर काम होतं, आठवायचं. लाख शिंप्याच्या इस्त्रीतल्या निखाऱ्यावर वितळवली होती, लाल. बाबांना उजव्या हाताला दोन बोटं कमी, म्हणून नाणं डाव्या हातानं दाबलं आणि ते जरा तिरपं बसलं. "चालेल," म्हणाले, "तिरपं नाणं काढायला सोपं." शिंपी होता, मी होते, तू होतीस. तूही पाहिलंस. प्रवासात पडलं असेल. तू काय, डोकंसुद्धा कुठेतरी ठेवून आली असतीस. शाळेत तुझ्या तीन छत्र्या हरवल्या आणि तिन्हींचा मार मी खाल्ला.

आता आठवायचंच आहे ना? मग सगळंच आठवू.

कॉलेजातली ती जागा कुणाची होती? शिक्षिका व्हायच्या कॉलेजातली, वसतिगृहासकट. शाळेच्या मदरनी माझ्यासाठी चार पत्रं लिहिली होती. माझं इंग्रजी अक्षर सगळ्या शाळेत दाखवायला न्यायचे. जाण्याच्या तीन आठवडे आधी चाकाचा दगड फुटला आणि बाबांची बोटं गेली. कुणीतरी थांबायला हवं होतं, एवढं मला कळत होतं, चोवीस वर्षांची होते मी. पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर तू म्हणालीस, "ताई, तू जा. मी थांबते." आठवतं? मी म्हटलं, "वेडी आहेस का." तेवढं म्हणायलाच हवं होतं मला. मोठ्या बहिणीनं आणखी काय म्हणायचं असतं? मी वाट बघितली. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, सबंध आठवडा. तू पुन्हा म्हणाली नाहीस. एकदाच म्हणालीस. दुसऱ्यांदा म्हणाली असतीस, तर मी गेले असते गं.

मग मदर म्हणाल्या, जागा वाया कशाला, धाकटीला पाठवू. आणि तू माझी ट्रंक घेतलीस. त्या ट्रंकेवर बाबांनी पांढऱ्या रंगानं माझं नाव घातलं होतं. ते तू तारेच्या ब्रशनं घासून काढलंस, मागच्या मोरीत बसून. मी चाकावर होते. मला चाकाच्या आवाजातूनही ब्रशचा आवाज येत होता. दगड आणि तार, दोन्ही एकदम.

निघालीस त्या सकाळी तू मला तीन हाका मारल्यास. मी नंतर सगळ्यांना सांगितलं, चाक चालू होतं, ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. एका धड सुऱ्याला मी उगीचच धार लावत बसले होते. त्याचं पातं इतकं झिजवलं की पुढे तो बाद झाला, आणि बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही का ते. तर हे माझ्याकडून. झालं आठवून?

सिस्टर आपल्याला पत्रलेखन शिकवायच्या तेव्हा म्हणायच्या, रागानं पत्र लिहायला हरकत नाही, पण ते रात्रभर उशाखाली ठेवावं आणि सकाळी वाचून मग पेटीत टाकावं. मी हे उशाखाली ठेवणार नाही. मला सकाळची शहाणी व्हायचं नाहीये.

नाणं होतं. तुझ्याकडून पडलं. संपला विषय.

ताई

२७ मार्च

बटण,

तू जिंकलीस असं समजू नकोस.

काल तुझी लेक परत आली. या खेपेला नाचत नाही, देवळात यावी तशी हळू. पिशवीतून एक पुडकं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. हातात दिलं नाही; चांगलं वळण लावलं आहेस. "आई म्हणाली, मावशीला फक्त हे दाखव. बोलू काही नकोस."

मी कागद लगेच ओळखला. तपकिरी, बाबांच्या घडीचा, सुतळीची गाठ त्यांची, एका बाजूला झुकणारी. तू उघडलंच नाहीस. बत्तीस वर्षं! मी आजवर समजत होते, तू त्या सुरीनं तुझ्या घरात मजेत भाजी चिरत असशील.

आणि वर लाख. लाल, तडकलेली, आणि तिच्यात नाण्याएवढा गोल खड्डा. खड्ड्यात नाण्यावरची अक्षरं उलटी उमटलेली, बोट फिरवलं तर अजून लागतात. आणि एका कडेला नखाच्या खुणा. चार. पडलेल्या नाण्याच्या कडेला नखं उमटत नाहीत. सबंध बालपण पाती तपासण्यात गेलेल्या मुलीला ते वसतिगृहात ट्रंक उघडल्या उघडल्या समजलं असणार, हे मला कळायला हवं होतं.

पोरीला मी स्टूल दिलं आणि मागे जाऊन पाणी प्यायले. बराच वेळ.

हो. मी काढलं.

तू निघायच्या आदल्या संध्याकाळी, तू मदरना भेटायला गेली होतीस तेव्हा. ट्रंक उघडी होती, पुडकं वरच होतं. ठरवून वगैरे काही केलं नाही. ट्रंक बंद करायला म्हणून वाकले, नावाच्या जागी घासलेला पत्रा दिसला, आणि माझं नख आपोआप नाण्याखाली गेलं. तिरपं होतं ना. काढायला सोपं.

तेव्हापासून ते माझ्या शाळेच्या कंपासपेटीत आहे. कोनमापकाखाली.

आणि ऐक, एवढ्यावर भागत नाही. बाबांनी पत्र लिहायला लावलं ते खरं आहे. मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. "विसरली असशील, सावकाश पाठव, इकडे सगळे ठीक." पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. मग पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. बाबांना सांगितलं, टाकलं. त्यानंतर कितीतरी महिने पोस्टमनची सायकल वाजली की बाबा चाकावरचा पाय उचलायचे. चाक हळू व्हायचं. पोस्टमन पुढे गेला की परत पाय. नंतर नंतर त्यांनी पाय उचलणं सोडलं. एकदा मात्र शिंप्याला म्हणाले, "धाकटीच्या हातून एक नाणं सुटेना बघ." हसून म्हणाले. शिंपी माझ्याकडे बघत होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आणि बाबा गेले तेव्हा मी तुला कळवलं, तेही खरं. कार्ड टाकलं. शिंप्याकडे फोन होता. तुझा नंबर मदरनी मला दिलेला होता, तोही त्याच कंपासपेटीत. तुझ्याकडे कार्ड पोचायला तेव्हा आठ दिवस लागायचे हे मला पाठ होतं. तू नवव्या दिवशी आलीस. म्हणजे कार्ड हातात पडलं त्याच दिवशी निघालीस. हे गणित मी तेव्हाच केलं होतं, आणि तरी पहिल्या पत्रात तुला ‘नऊ दिवसांनी आलीस’ म्हणून टोमणा मारला. माझी लेखणी बघ कशी सरावलीये.

आता माझ्यावर ओरड. ओरडायलाच हवं.

पण माझाही राग संपलेला नाही, कबुली दिली म्हणून तो विझावा इतका तो ओला नाही. तू ट्रंक उघडलीस, नखं पाहिलीस, आणि काय केलंस? गप्प बसलीस! एक ओळ लिहायची होती. "ताई, नाणं काढलंस ना?" मी ढसढसा रडले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. बटण गिळलंस तेव्हाही तू असंच केलंस. पोट धरून दोन दिवस गप्प, आणि आम्ही सगळे घरभर बटण शोधतोय. बत्तीस वर्षं तू माझं ते नाणं गिळून बसलीस. बाबांच्या ओट्यासमोर तासभर बसलीस तेव्हा तरी विचारायचंस! मी म्हणत होते, विचार, विचार. तू चहा अर्धा ठेवलास आणि उठलीस.

पुडकं ओट्यावरच ठेवून पोरगी जायला निघाली तेव्हा मी तिला विचारलंच. "तुझी आई मला असा हुकूम का सोडते? सुरी देऊ नकोस म्हणून? माझ्या हातची वस्तू घरात नको का तिला?"

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघीही ना!" मग म्हणाली, "तसं नाही. आई म्हणते, तुला एकच मावशी आहे, आत्ता कुठे मिळालीये. तिच्याकडून सुरी घेशील आणि तीही जाईल. माझी ताई गेली तशी."

मी तिला म्हटलं, जा आता, बस चुकेल.

शिंपी समोरून बघत होता. संध्याकाळी मशीन झाकून आला. बाबा गेल्यापासून तो मला वडिलांसारखा रागावतो, ऐंशीचा झाला तरी. म्हणाला, "ताई, तुझ्या बापाच्या सुऱ्यांनी आयुष्यात कुणाला तोडलं नाही. कापायचं काम तुझ्या तोंडानं केलं."

मी म्हटलं, "तोंडानं नाही, काका. तोंड बंद ठेवून केलं."

"तेच ते," म्हणाला. "रिकामी कात्री." लहानपणी आपण कात्री नुसतीच वाजवली की तो ओरडायचा, रिकामी कात्री वाजवू नका, घरात भांडणं होतात. मला वाटायचं त्याला धारेची काळजी.

ताई

११ एप्रिल

प्रिय बटण,

तुझ्याकडून उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

मागचं पत्र मी रात्रभर उशाखाली ठेवलं होतं. सकाळी वाचलं, फाडावंसं वाटलं, आणि तसंच टाकलं. या खेपेला पेटीच्या तोंडाशी जाऊन परत आले नाही, एवढं सांगते.

या महिन्यात दुकान आवरतेय. आवरताना रोज कशाचा ना कशाचा राग येतो. परवा बाबांच्या गादीखाली कागदाची ती पट्टी सापडली, मी जिच्यावर त्यांच्या औषधांच्या वेळा लिहायचे. खाली त्यांनी डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात तुझा पत्ता लिहून ठेवला होता. त्यांना उजव्यानं लिहिता येत नव्हतं म्हणून तर मी लेखनिक. म्हणजे डाव्यानं शिकत होते. मला न सांगता. पत्ता अर्धाच आहे, गल्लीपर्यंत. पुढचं जमलं नसेल, किंवा राहिलं असेल. मी ती पट्टी हातात घेऊन ओट्यावर एवढ्या जोरानं मूठ आपटली की सांधे दोन दिवस सुजले. कुणावर चिडले होते, ते विचारू नकोस. पट्टी तुझी आहे, पुडक्याबरोबर बांधतेय.

आता मुद्द्याचं. कुणाला काय जायचं ते लिहून ठेवते, कारण तीस तारखेनंतर मी काहीही विसरेन आणि शिंप्याला तर आत्ताच काही आठवत नाही.

मोठी कापडाची कात्री शिंप्याला. तिच्यावर त्याचा वीस वर्षं डोळा आहे. त्यानं मला नाणं दिलं, खोटं, बटणालाच चंदेरी कागद लावून. म्हणाला, "आता मी तुझ्याशी किती दिवस संबंध ठेवणार आहे, चालेल एवढं." मी हट्टानं खरं घेतलं.

शाळेच्या स्वयंपाकघरासाठी भाजीच्या तीन सुऱ्या आणि पाव कापायची दातेरी. आपल्या वेळच्या सिस्टर आता नाहीत, नवी सिस्टर तरुण आहे, तिला हे नाण्याचं प्रकरण माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाली, "ही तर अंधश्रद्धा." मी म्हटलं, "हो सिस्टर. द्या." तिनं दिलं.

चाक कुणालाच नको आहे. दगड झिजलेला, पट्टा सैल. ते राहू दे. नवा भाडेकरू चपलांचं दुकान टाकणार आहे, तो म्हणाला शोभेला ठेवीन. ठेवू दे.

बाबांचा लांब सुरा तुझ्या लेकीला दिला. रविवारी. तू नको म्हणाली होतीस, तरी दिला. मी ओट्यावर ठेवला. तिनं उचलण्याआधी खिशातून नाणं काढलं आणि माझा हात धरून, उलटा असलेला सुलटा करून, तळव्यावर ठेवलं. वर माझी बोटं मिटवली, दुखणार नाहीत अशा बेतानं. मग म्हणाली, "आता कुठे जाल, मावशी?" ते नाणं मी कंपासपेटीत ठेवलेलं नाही. गळ्यातल्या पिशवीत आहे. तिच्याबद्दल तू निर्धास्त राहा. तिनं सुरा उचलून कागदाच्या पट्टीवर सोडला. अकरा.

कंपासपेटी शिंप्याच्या नातीला. आतलं सगळं काढून.

आणि हे पुडकं तुला. तुझं आहे, तुझ्याकडेच परत येतंय. सुतळीची गाठ मी सोडलेली नाही. आत पोलादाला डाग पडले असतील, बत्तीस वर्षं कागदात राहिलं की पडतात, पण बाबांचं पातं होतं ते, घासलं की निघेल. वरची लाख मी मेणबत्तीवर जराशी ऊब देऊन मऊ केली आणि नाणं बसवलं. वाटलं होतं, एवढ्या वर्षांत खड्डा आकसला असेल. नाही. त्याच खड्ड्यात, त्याच तिरप्या बाजूनं, अक्षरावर अक्षर बसलं. नखांच्या खुणा आहेत तशा राहू दिल्यात. त्या पुसायला मला जमलं असतं.

सुरी बाबांनी दिली होती आणि बाबा नाहीत, तेव्हा नाणं मला यायला हवं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. बाबांचं माझ्याकडे काय येतं आणि काय येत नाही हे ठरवायचा हक्क मी गमावलाय. तो तुझा. नाणं तसंच राहू दिलंस तर मी समजेन, आणि या खेपेला पोस्टमनच्या सायकलकडे कान लावून बसायची पाळी माझी असेल. ते मी करीन. मला ते करायलाच हवं.

पण काढणार असलीस, तर नखानं काढू नकोस, लाख तडकेल. ऊब दे, आपोआप सुटेल. पोस्टानं पाठवू नकोस, लेकीबरोबरही नको. दुकान तीस तारखेपर्यंत उघडं आहे. दुपारी मी पायरीवर असते. पुडकं बरोबर आण, चाकावरची शेवटची धार मी त्या सुरीसाठी राखून ठेवलीये. हात तेवढ्यापुरते चालतील.

आलीस तर आधी भांड. मनसोक्त भांड, शिंप्याला ऐकू जाईल असं. त्यालाही बत्तीस वर्षं उत्सुकता आहे. चहा पूर्ण पी.

सुरी ओट्यावर ठेव. नाणं ओट्यावर ठेवू नकोस. हातात दे.

ताई